मेणातले सहा दिवस

माटुंग्याच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या खात्यात, दौलत तांबे नावाचा माणूस कामाला होता. दप्तरात त्याचा हुद्दा ‘हमाल’ असा लिहिलेला असे. आता हमाल म्हटला तरी खात्याचं पान त्याच्यावाचून हलत नव्हतं. बेडूक आणायचा दौलतनं, तो बरणीत घालायचा दौलतनं, परीक्षेच्या दिवशी घाबरलेल्या मुलींना पाणी द्यायचं दौलतनं, आणि सरांचा चष्मा सरांच्याच कपाळावर आहे हे सांगायचं तेही दौलतनंच. शाळा चौथीपर्यंत झालेली. राहायला भोईवाड्यातल्या चाळीत एक खोली, खोलीत म्हातारी आई रमाबाई आणि बायको शेवंती.

पण त्याचा खरा हात बसला होता तो कापण्यावर. मोहरीएवढा जीव असेल तर त्याचं आतलं काही नुसतं बघून कळत नाही. तो आधी औषधात टिकवायचा, त्यातलं पाणी काढायचं, गरम पेटीत ठेवलेल्या पातळ मेणात मुरवायचा, मेणाची वडी थिजवायची आणि मग ती वडी मशीनवर चढवून केसाहून पातळ काप काढायचे. कापाला काप चिकटून पात्यावरून एक फीत उतरते. ती ब्रशच्या टोकानं उचलून काचेवर निजवायची. दौलतची फीत निघत असताना पंखा बंद असे, आणि कुणी शिंकलंच तर दौलत त्याच्याकडे असा बघे की तो माणूस पुढची शिंक दाराबाहेर जाऊन देई. त्या काचांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं, हे मात्र दौलतनं बारा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. कुणी मनाई केली नव्हती. कुणी बोलावलंही नव्हतं.

पंचावन्न सालच्या जुलैत गिरगावातल्या लतिकाबाई खात्यात संशोधनाला आल्या. विषय होता बेडकाच्या पिल्लाचं आतडं कसं तयार होतं. इतक्या शिकलेल्या मुलीनं बेडकाच्या पोटात डोकं घालावं याचं खात्यातल्या इतरांना हसू यायचं. दौलतला आलं नाही. त्यानं शीवच्या सखल माळावरून अंड्यांचा फेसाळ चिकट गोळा डब्यातून आणला, काचेच्या वाडग्यांत मांडला, आणि दर दोन तासांनी त्यातले थोडे जीव काढून औषधात टाकायचं काम दोघांनी वाटून घेतलं. एक टाकला की दुसरा टाकेपर्यंत वेळ असे, आणि लतिकाबाईंना बोलायला आवडे.

“दौलत, आधी सगळा नुसता बलकच असतो बघा,” त्या सांगायच्या. “मग एका बाजूला बारीकशी खाच पडते. तिथून बाहेरच्या पेशी आत वळायला लागतात, आत पोकळी होते. तेच पहिलं आतडं. आणि गंमत म्हणजे ही खाच पडते ती शेपटीकडच्या बाजूला. मागची वाट आधी, तोंड सगळ्यात शेवटी.”

“म्हणजे बाई, घर बांधायचं तर आधी मोरी काढायची आणि मग दार?”

लतिकाबाई इतक्या हसल्या की औषधात टाकायची एक घटका चुकली. पुढे पिल्लं वाडग्यात वळवळायला लागली, तेव्हा त्यांच्या पोटाच्या पातळ कातडीतून घड्याळातल्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं आतडं बाहेरूनच दिसायचं. दौलत ते बघत उभा राहायचा. घरी शेवंतीला सातवा महिना होता आणि त्याला त्या दिवसांत सगळंच बघत उभं राहावंसं वाटत होतं.

मूल झालं ते गणपतीत. मुलगा. लालबागकडून ढोल ऐकू येत होते आणि रमाबाईंनी चाळभर गूळ वाटला. पोर दूध चांगलं ओढायचं. दुसऱ्या दिवशी सुईण म्हणाली, याला अजून शी झाली नाही. तिनं पोर उपडं करून पाहिलं. जिथं वाट असायला हवी तिथं सपाट कातडी होती. एरंडेल झालं, शेक झाला, पोट फुगतच गेलं. चौथ्या दिवशी सकाळी ते इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरनं हात लावून पाहिलं आणि उशीर झाला एवढंच म्हटलं. दुपारी सगळं संपलं. बारशाला अजून आठ दिवस होते, म्हणून पोराला नावही नव्हतं.

मग रमाबाईंना जूनमधलं सूर्यग्रहण आठवलं.

“गिराणात सुई धरली हिनं,” त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या. “मी माज्या डोळ्यानं बघितली. दार लोटून शिवत बसलेली. गरवारशीनं गिराणात शिवलं, मग पोर शिवलेलंच येनार. मी काय वेगळं सांगते?” वस्तीत सभा व्हायच्या, जुन्या रूढी सोडा म्हणून कळकळीनं सांगितलं जायचं, रमाबाई पहिल्या रांगेत बसून टाळ्याही वाजवायच्या. पण ग्रहण म्हणजे त्यांच्या लेखी रूढी नव्हती. ऊन-पावसासारखी खरी गोष्ट होती. चाळीतल्या बाया मान हलवायच्या. शेवंती खाली मान घालून भांडी घासायची.

आणि दौलतही खाली मान घालून बसायचा. कारण त्या सकाळी काय झालं होतं ते दोघांनाच ठाऊक होतं. कामावर जायची घाई, खाकी सदऱ्याचं बटण तुटलेलं. शेवंती म्हणाली होती, “गिराण लागलंय. आये रान उठवतील.” त्यावर हा शहाणा म्हणाला होता, “बटणाला कसलं गिराण? मी काय उघड्या छातीनं कॉलेजात जाऊ?” तिनं दार लोटलं आणि चार टाके घातले. एवढंच. त्याला स्वतःला ग्रहणाचं काही वाटत नव्हतं, असं तो गणपतीपर्यंत म्हणाला असता. सपाट कातडी पाहिल्यापासून त्याला काहीच ठामपणे म्हणता येईना. शेवंतीनं एकदाही सासूला सांगितलं नाही, की यांनीच लावायला सांगितलं. तिनं सांगितलं असतं तर दौलतला बरं वाटलं असतं. ती त्याला पांघरूण घालत राहिली आणि त्याच्याशी फक्त मीठ संपलं, पाणी आलं एवढंच बोलू लागली. घरात सुई दिसेनाशी झाली. उसवलेली चोळी ती तशीच उसवलेली घालायची.

असे चार महिने गेले. जानेवारी उजाडला तेव्हा लतिकाबाईंचं काम शेवटच्या टप्प्यावर आलं होतं. एकाच गोळ्यातले, एकाच वाडग्यातले, एकाच घटकेला औषधात टाकलेले बारा जीव तेवढे कापायचे राहिले होते. आतडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळं झालं की नाही ते या बारांतच दिसणार होतं. एप्रिलमध्ये त्यांची शिष्यवृत्ती संपत होती, घरी स्थळं बघणं सुरू होतं, आणि बेडूक काही जुलैशिवाय अंडी घालत नाही. मंगळवारी सकाळी दौलतनं ते बारा जीव गरम मेणाच्या वाट्यांत सोडले. तास-दोन तासांचं काम.

आदल्या संध्याकाळीच मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राकडे जाणार, अशी घोषणा झाली होती. दुपार व्हायच्या आत दगडफेकीच्या बातम्या आल्या, कॉलेज रिकामं केलं गेलं, सगळ्यांना बाहेर काढून फाटकाला कुलूप घातलं. दौलत फाटकाशी हुज्जत घालत राहिला की माझे जीव पेटीत आहेत. रखवालदाराला वाटलं माणसं आत अडकलीत, तो धावत आत जाऊन परत आला आणि मग दौलतवर जाम चिडला. मग गोळीबार, मग संचारबंदी. परळ-लालबागला रस्ते ओस. शेजारच्या चाळीतले दोघं कामावरून परतलेच नाहीत, त्यांच्या घरातलं रडणं दिवसभर ऐकू यायचं. त्या रडण्यापुढे बेडकाच्या पिल्लांची काळजी करायची दौलतला लाज वाटायची, आणि तरी ती वाटायचीच. सहा दिवस तो खोलीत बसून राहिला.

सोमवारी पेटी उघडली. मेण तसंच पातळ होतं, पेटीनं आपलं काम इमानानं केलं होतं. जीव मात्र कडकडीत झाले होते. त्यानं एक वडी थिजवून मशीनवर चढवली. पात्याला जीव लागला आणि फीत निघायच्या ऐवजी पिवळी भुकटी सांडली. बलक विटेसारखा भाजला होता. दुसरी वडी, तीच गत. दौलतनं यंत्राचं चाक सोडलं आणि स्टुलावर बसला.

लतिकाबाई आल्या, त्यांनी भुकटी पाहिली. त्या रागावल्या नाहीत, हे दौलतला जास्त लागलं.

“तुमचा काय दोष?” त्या म्हणाल्या. “बाहेर माणसं मेली, दौलत. पण वाईट वाटतंच. शेवटचं तेवढंच पाहायचं होतं. मागची ती पहिली खाच मधे बुजते, आणि तिथं एक पातळ पडदा असतो. आतडं आतून येऊन त्याला टेकतं. मग तो पडदा आपोआप फाटतो आणि वाट मोकळी होते.”

दौलतनं मान वर केली. “पडदा असतो? सगळ्यांना?”

“सगळ्यांना. बेडकाला, माणसाला.”

“आणि नाही फाटला तर, बाई?”

त्याचा चेहरा पाहून लतिकाबाई स्टूल ओढून बसल्या. मूल गेलं हे त्यांना माहीत होतं, कशानं गेलं ते नव्हतं. दौलतनं सांगितलं. सपाट कातडी, ग्रहण, सुई, सगळं. बटण कुणी लावायला सांगितलं तेही त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा तोंडावाटे काढलं.

“मी डॉक्टर नाही,” त्या म्हणाल्या. “पण पुस्तकात आहे ते सांगते. माणसाच्या गर्भात हा पडदा दुसऱ्या महिन्यात फाटतो. आईला धड कळलेलंही नसतं तेव्हा. तुमच्या बाळाचं जे व्हायचं ते तेव्हाच होऊन गेलेलं. नंतर कोणी काय शिवलं नि काय चिरलं, त्यानं काही होत नाही.”

दौलतनं ते ऐकलं. पण ऐकलेलं घरी नेऊन सांगायचं म्हणजे पुन्हा शब्दाला शब्दच. रमाबाईंकडे शब्दांना तोटा नव्हता. डोळ्यांनी दाखवता आलं तरच काही उपयोग होता, आणि डोळ्यांनी दाखवायचं ते उरलेल्या दहा वड्यांत अडकलं होतं. आता त्या वड्या नुसत्या बाईंच्या राहिल्या नाहीत, त्याच्याही झाल्या.

दोन दिवस त्यानं उरलेल्या दहांना हात लावला नाही. पातं घासून घासून धार आणली, वडी थंड करून पाहिली, सरांना विचारलं. सर म्हणाले, भाजलेला बलक कापता येत नाही, सोडून दे. बुधवारी घरी शेवंतीनं कडवे वाल भिजत घातले होते. गुरुवारी सकाळी ती ते निवडत बसली होती, आणि दौलत चहा घेता घेता बघत होता. अख्खे दाणे काही अजून टणकच होते. जात्याखाली येऊन टवका उडालेले तेवढे फुगून मऊ झाले होते.

“हे आधी का भिजले?” त्यानं विचारलं.

“फुटलेत ना ते. आत पानी शिरतं.” शेवंतीनं वर न बघताच सांगितलं.

दौलत चहा अर्धा टाकून उठला. वडी पाण्यात ठेवून उपयोग नव्हता, मेण पाण्याला आत येऊ देत नाही. पण मेण कापत कापत आतला जीव जरासा उघडा पाडला, त्याला टवका पाडला, आणि मग ठेवली तर? त्यानं वाया गेलेल्या दोनपैकी एका वडीवर करून पाहिलं. उघडी पडलेली बाजू खाली करून दिवसभर गार पाण्यात ठेवली. शुक्रवारी चढवली, चाक फिरवलं. पहिला काप आला. दुसरा त्याला चिकटून आला. मग हातभर फीत सरळ उतरली, आणि दौलतनं श्वास सोडला तो इतक्या जोरात की तीच फीत उडून पाटावर पडली. लतिकाबाई टाळ्या वाजवायला लागल्या तेव्हा त्यानं त्यांच्याकडेही तसंच बघितलं, शिंकणाऱ्याकडे बघायचा तसं.

पुढचे पंधरा दिवस तो कापत होता. दहाच्या दहा वाचले. काचा रंगवून तयार झाल्या त्या दिवशी लतिकाबाई सूक्ष्मदर्शकापासून उठल्या आणि म्हणाल्या, “बसा.” बारा वर्षांत पहिल्यांदा दौलत त्या स्टुलावर बसला. जांभळ्या-गुलाबी रंगात आतड्याची वाट दिसत होती, आणि शेवटी ती बाहेर उघडत होती. नऊ जीवांत उघडत होती. दहाव्यात बाकी सगळं तसंच होतं, तोंडही उघडलेलं, आणि मागच्या टोकाला वाट येऊन थांबली होती. पुढे एक बारीक अखंड रेघ. दौलत त्या रेघेकडे किती वेळ बघत होता, ते त्याला नंतर सांगता आलं नाही.

“बाई,” तो म्हणाला, “शनिवारी दुपारी माझ्या बायकोला आणू का?”

शेवंती यायला तयार नव्हती. कॉलेजात माझं काय काम, म्हणाली. दौलत म्हणाला, माझं आहे. ती धुवट पातळ नेसून आली, पदर घट्ट घेऊन दाराशी उभी राहिली. लतिकाबाईंनी तिला हाताला धरून बसवलं. तिनं एक डोळा मिटून पाहिलं.

“मला माज्याच पापन्या दिसतात,” ती म्हणाली.

“थोडं वर व्हा. हं, आता?”

शेवंतीला दिसलं. लतिकाबाईंनी आधी उघडी वाट दाखवली, मग ती बंद रेघ दाखवली, आणि काय ते सांगितलं. एका बेडकीची अंडी, एका वाडग्यातलं पाणी, एकच दिवस. नऊ उघडले, एक राहिला. शेवंतीनं पुन्हा डोळा लावला. खूप वेळानं ती हळूच म्हणाली, “बेडकीनं काय शिवलं व्हतं?”

उत्तर तिला नकोच होतं. ती बोटं मोजू लागली. संक्रांतीला पाळी चुकली. मग माघ. “दुसऱ्या महिन्यात म्हनता, बाई? म्हंजे शिमग्याच्या आतच.” बोटं पुढे सरकत राहिली, फाल्गुन, चैत्र, वैशाख, आणि ज्येष्ठाच्या अवसेवर येऊन थांबली. “गिराण तर कवाच्या काय नंतर.”

“हो,” लतिकाबाई म्हणाल्या.

परत जाताना भोईवाड्याच्या वळणावर शेवंती थांबली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

“हे आयेला सांगा,” ती म्हणाली. “आनि नुसतं बेडकाचं नका सांगू. सुई धरायला कुनी लावली तेबी सांगा. ते सांगायला तुमाला काच लागत नव्हती.”

बेडकाचं सांगून तो सुटणार होता, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. दोष कुणाचाच नाही म्हटलं की त्याचाही गेला असता, आणि चार महिने तो गप्प बसला होता त्यावर कायमचं पांघरूण पडलं असतं.

रमाबाई दारात तांदूळ पाखडत होत्या. दौलत त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

“आये, गिराणाच्या दिवशी शेवंती नको म्हनत व्हती. बटण मी लावायला लावलं. दार लोटायलाबी माज्याच घाईनं लागलं. तू तिला बोलत व्हतीस तवा मी समोर बसून ऐकत व्हतो.” मग पडद्याचं सांगितलं, नऊ आणि एक सांगितलं, महिने मोजून दाखवले. गॅलरीतल्या दोघी-तिघी बाया आपापल्या दारात ऐकत उभ्या होत्या. त्यानं त्यांना ऐकू दिलं, उलट आवाज जरा चढवलाच.

रमाबाईंचं सूप थांबलं होतं. बेडकाचं त्यांना कितपत पटलं कुणास ठाऊक. त्या सुनेकडे बघत राहिल्या. “चार महिने,” त्या म्हणाल्या. “आनि तू एका शब्दानं बोलली न्हाईस, पोरी?” मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि हात पुढे केला. शेवंती जवळ गेली नाही, पण दूरही गेली नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली.

दौलत उठून तिच्याजवळ जाऊन बसला. ती रडत होती. आवाज न करता, पदर तोंडात न धरता. त्याला वाटलं, आता तिला मोकळं वाटायला हवं, मग ही रडते का? त्यानं तसं विचारलंही, कारण अशा वेळी गप्प बसायची त्याला आता धास्ती वाटत होती.

“इतकं दिस मी माज्या हाताला रडत व्हते,” शेवंती म्हणाली. “पोराला आज रडते.”

दौलत तिच्या शेजारी बसून राहिला. थोड्या वेळानं तोही रडू लागला.